रॉड नव्हे, मूठ आखूड घ्या

कयाक ही वल्ह्याची छोटी होडी घेऊन खाडीत गरवायला निघालेल्या नव्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो. तोंडोतोंडी आणि मोबाइलवरून तो इतका फिरलाय की आता कुणी तपासूनही बघत नाही. सल्ला असा: “कयाकवर जागा कमी, म्हणून 5 फुटी रॉड घ्या. खाऱ्या पाण्यातला मासा दमदार, म्हणून 6000 साइजचं रीळ आणि त्यावर 50 पौंडी (तेवढ्या ओढीला तुटणारी) ब्रेडेड, म्हणजे विणलेल्या तंतूंची, लाइन. कांदळवनात ड्रॅग (किती ओढ बसल्यावर रीळानं लाइन सोडायची ते ठरवणारा ब्रेक) पूर्ण आवळा, म्हणजे मासा मुळांत शिरणार नाही. रीळ सीलबंद असेल तर धुवायची गरज नाही. रॉड होल्डरमध्ये खोचला की बांधायचीही गरज नाही.”

यात ब्रेडेड लाइन वापरा एवढंच बरोबर आहे. बाकीचं जेटीवरून किंवा मोठ्या होडीतून गरवणाऱ्याला काही अंशी चालून जाईल. कयाकवर मात्र ते चुकीचं आहे, आणि दोन ठिकाणी जिवावर बेतणारं आहे. हिशेबासाठी सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या खाड्या धरू. मासे म्हणजे जिताडा (मालवणात चणक, गोव्यात चोणक), तांबोशी, गोबरा. कयाक म्हणजे वर उघड्यावर बसायची, साधारण 12 फुटी.

आधी रॉडची लांबी, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. जागा कमी हे खरं, पण ती तुमच्या पोटाजवळ कमी आहे. पुढे अख्खी खाडी मोकळी आहे. गळाला लागलेला मासा कयाकखालून पलीकडच्या बाजूला जातो. हे कधीतरी होत नाही, दर फेरीत होतं. अशा वेळी रॉडचं टोक कयाकच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, फिरवून पलीकडे न्यावं लागतं, कारण बसल्या जागेवरून उठून चालत जाता येत नाही. 12 फुटी कयाकमध्ये बसल्यावर नाळ तुमच्यापासून सहा-साडेसहा फूट पुढे असते. हात ताणला की दोन फूट मिळतात. 5 फुटी रॉडच्या मुठीचा फूटभर वजा केला तर टोक जेमतेम 6 फुटांवर पोचतं, तेही रॉड सरळ असताना. माशाच्या ओढीनं तो वाकला की आणखी फूट-दीड फूट गेला. मग लाइन कयाकच्या तळाला घासते आणि रॉड कडेवर दाबला जाऊन मोडतो. तेच 7 फुटी रॉडला मुठीचे 10 इंच वजा करून हाताची लांबी मिळवा. टोक 8 फुटांच्या पुढे जातं, वाकूनही नाळ ओलांडतं.

म्हणून आखूड हवी ती रीळाच्या मागची मूठ. दुकानातच खुर्चीवर बसा, जमलं तर लाइफ जॅकेट घालून बसा, रीळ लावलेला रॉड हातात घ्या आणि डावीउजवीकडे फिरवून बघा. मुठीचं टोक जॅकेटच्या खिशात अडकत असेल तर तो रॉड किनाऱ्यावरून लांब फेकण्यासाठी बनवलेला आहे. रीळाच्या पायापासून मुठीच्या टोकापर्यंत 9 ते 11 इंच पुरतात. होल्डरमध्ये बसायलाही तेवढं लागतं. अरुंद पोयीत (खाडीच्या चिंचोळ्या फाट्यात), डोक्यावर फांद्या आलेल्या असताना साडेसहा फूट बरा. त्याहून खाली जायला कारण नाही.

ताकदीचं म्हणाल तर मीडियम किंवा मीडियम-हेवी, 10 ते 30 ग्रॅमचे लुअर (नकली आमिष) फेकणारा रॉड घ्या. ‘एक्स्ट्रा हेवी’ रॉड बसलेल्या माणसाच्या हातात वाकतच नाही. मासा अगदी जवळ येऊन डोकं झटकतो तेव्हा तो झटका झेलणारं काही उरत नाही आणि गळ सुटतो. मासा कडेला आला की रॉड डोक्यामागे उभा ओढू नका. सगळा भार टोकाच्या वीतभर भागावर येतो आणि महागातला महाग रॉडही तिथेच तुटतो. रॉड तिरपा ठेवा, हात लांब करा आणि दुसऱ्या हातानं जाळी माशाखाली घाला.

दोन तुकड्यांचा रॉड कमजोर असतो, असंही सोबत ऐकू येतं. सांधा नीट बसवला तर फरक पडत नाही. फेकून फेकून तो सैल होतो, म्हणून तासा-दीड तासानं पिळून घट्ट करा, एवढंच.

आता रीळ. 6000 साइजचं रीळ बहुधा अर्धा किलोच्या वर भरतं, 3000-4000 चं त्याच्या निम्म्याच्या जवळपास. बसून, खांद्याच्या उंचीवर हात ठेवून चार तास फेकायचं असेल तर हा फरक मनगटाला कळतो. मोठं रीळ घ्यायचं ते जास्त लाइन मावावी आणि ड्रॅग दणकट मिळावा म्हणून. पण कयाक पाण्यावर तरंगते, हेच सल्ला देणारे विसरतात. मासा पळाला की तो तुम्हालाही ओढत नेतो, आणि ओढताना दमतो. जेटीवर उभं राहून जिथे 300 मीटर लाइन लागेल, तिथे कयाकवर 150 ते 200 मीटर पुरते. 4000 च्या रीळात 20 पौंडी ब्रेडेड तेवढी आरामात बसते. खाली 8-10 वेढे साध्या नायलॉनचे घाला, नाहीतर ब्रेडेड लाइन गुळगुळीत स्पूलवर (लाइन गुंडाळायच्या चकरीवर) गोल फिरते आणि ड्रॅग बिघडला असं वाटतं. स्पूल काठोकाठ भरू नका. कडेपासून दोन मिलिमीटर जागा सोडली नाही तर वाऱ्यात लाइनचे गुंते होतात.

50 पौंडी लाइनचा मुद्दा मात्र सगळ्यात गंभीर. मासा तोडून जाऊ नये एवढाच विचार त्यामागे दिसतो. गळ मुळात किंवा खडकात अडकला तर काय? उधाणाच्या दिवशी ओहोटी जोरात ओढत असते. गळ खाली रुतलेला, लाइन तुटायला तयार नाही, आणि पाणी कयाकला खाली रेटतंय. लाइन ताणली गेली की कयाक आडवी होते, प्रवाहाच्या वरच्या अंगाला पाणी चढतं आणि ती उलटते. 20 पौंडी, फार तर 30 पौंडी लाइन ठेवा. पुढे, गळाच्या बाजूला, 40 पौंडी फ्लोरोकार्बनचा (चिवट प्लॅस्टिक धाग्याचा) दोन-अडीच फुटांचा लीडर, म्हणजे जोडतुकडा, लावा. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची धार ब्रेडेड लाइन सहज कापते, त्यासाठी लीडर हवाच. अडकलेली लाइन हाताला गुंडाळून ओढायची नाही, ती बोटात रुतते. पाइपाच्या तुकड्याला चार वेढे घ्या, रॉड बाजूला ठेवा आणि सरळ रेषेत ओढा. लाइन कापायची सुरी खोक्यात नव्हे, लाइफ जॅकेटवर लावलेली असावी.

ड्रॅग पूर्ण आवळायचा सल्ला याच चुकीचा जुळा भाऊ. माणूस, कयाक आणि सामान मिळून शंभर-सव्वाशे किलो वजन होतं, पण संथ पाण्यात ते हलवायला दोन-तीन किलोची ओढ पुरते. ड्रॅग बंद केला की मासा मुळांपासून बाहेर येत नाही, तुम्ही मुळांकडे जाता. आणि ओढ आडवी, कडेच्या बाजूनं आली तर तोल जातो.

ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या चौथाईवर लावा. 20 पौंड म्हणजे सुमारे 9 किलो, म्हणजे ड्रॅग सव्वादोन किलोच्या आसपास. अंदाजानं लावू नका. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घ्या. लाइन सगळ्या रिंगांतून ओवून काट्याला बांधा, रॉड 45 अंशांत धरा आणि कुणाला तरी काटा सावकाश ओढायला सांगा. स्पूल फिरायला लागेल तेव्हाचा आकडा खरा. रिंगांच्या घर्षणामुळे तो नुसत्या रीळाच्या आकड्यापेक्षा जास्त येतो, म्हणून रॉडसकटच मोजायचं.

मग मासा मुळांत शिरू नये म्हणून काय करायचं? कयाक धरून ठेवायची. कांदळवनापासून 12-15 मीटरवर थांबा. उथळ चिखलात लांब काठी रोवून कयाक पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधा. मध्यावर, कडेला कधीच नाही. गाठ एका ओढीत सुटणारी हवी. मासा लागला की रॉड नाळेच्या दिशेला आणा, म्हणजे ओढ कयाकच्या लांबीत येते आणि तोल राहतो. मोठा मासा असेल तर गाठ सोडून द्या. मोकळ्या पाण्यात त्याला दमवणं सोपं असतं.

सीलबंद रीळाबद्दल थोडं. सील नवं असताना पाणी अडवतं, पण मीठ बाहेर साचतं, आणि लाइन रोलर (लाइन ज्यावरून वळून स्पूलवर जाते ती छोटी चाकी) बाहेरच असतो. कयाकवर रीळ पाण्यापासून वीतभर उंचीवर असतं, वल्ह्याचं खारं पाणी त्यावर सतत ठिबकत राहतं. आधी गंज धरतो तो लाइन रोलरचा बेअरिंग. तो अडला की लाइन पिळायला लागते. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करा आणि गोड्या पाण्याची हलकी धार वरून सोडा. जोराचा फवारा नको, तो मीठ आत ढकलतो. बादलीत बुडवायचंही नाही. झटकून सावलीत वाळवा, रोलरवर तेलाचा एक थेंब सोडा आणि ड्रॅग सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात.

त्याच वेळी रॉडच्या रिंगांमधून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला तर आतल्या सिरॅमिकला तडा गेलाय. डोळ्यांना न दिसणारा तो तडा ब्रेडेड लाइन एका फेरीत कुरतडतो.

राहिला होल्डर. गळाला मोठा मासा एका झटक्यात लागला किंवा कयाक कलंडली तर होल्डर रॉड धरून ठेवत नाही, आणि रॉड-रीळ तरंगत नाही. मीटरभर लांबीची, दाबून सुटणारी क्लिप असलेली दोरी प्रत्येक रॉडला लावा. माशाशी झुंजताना त्या रॉडची क्लिप काढा, पायात अडकायला नको. दोनपेक्षा जास्त रॉड नेऊ नका, तितक्या दोऱ्या म्हणजे उलटल्यावर जाळं होतं. लाटांतून किनाऱ्याला लागताना रॉड होल्डरमध्ये उभे ठेवू नका, तुकडे सुटे करून, बांधून आडवे ठेवा किंवा आतल्या कप्प्यात सरकवा. कार्बनचा रॉड वीज वाहतो. त्यामुळे मे महिन्यात वळवाचे ढग दाटले, किंवा खाडीवरून गेलेल्या विजेच्या तारांखालून जायचं असलं, की आधी उभे रॉड खाली घ्या, मग वल्हं मारा.