'पेशवेकालीन' समईच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, दोन स्टार बघितले, रिव्ह्यू दोनदा वाचला, उत्तराला चार दिवस लागले कारण आधी कॅटलॉग आणि आमच्याकडचे फोटो सगळे परत काढून बसलो होतो. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात, सरांचं म्हणणं असं की आमच्या लिलावात पेशवेकालीन म्हणून घेतलेली समई जाणकार मित्राला दाखवली तर तो म्हणाला १९३६ च्या आसपासची, रविवर्मा प्रेसच्या चित्रावर डाग निघाला, आणि वर प्रीमियम (बोलीच्या रकमेवर आम्ही घेतो ते कमिशन) लावून लुटलं.

आधी समई. कॅटलॉगमधली ओळ जशीच्या तशी देतो, "पितळी समई, पेशवेकालीन शैलीतील, वर हंस, पाच वाती, बैठकीखाली नाव व श. १८५८ कोरलेले, अंदाज ६ ते ८ हजार." यातला 'शैलीतील' शब्द शोभेला टाकलेला नाहीये. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ घडण तशी आहे, काळ तो नाही. नुसतं पेशवेकालीन लिहायचं तर वस्तू १८१८ च्या आधीची आहे हे मला दाखवता आलं पाहिजे, आणि पुण्यात वाड्यातून निघालेली प्रत्येक वस्तू घरच्यांच्या मते पेशव्यांच्या देवघरातलीच असते, त्यामुळे ऐकीव माहितीवर आम्ही जात नाही. ही समई देणाऱ्या आजींनीही तेच सांगितलं होतं. आम्ही दांडा फिरवून काढला तर आतले आटे अगदी एकसारखे, मशीनवर पाडलेले. तिथेच विषय संपला.

आता तुमच्या मित्राचं. ते बरोबर बोलले, पण तो शोध नाहीये सर, ते समईवरच लिहिलंय. 'श.' म्हणजे शके. शके १८५८ मध्ये ७८ मिळवा, १९३६ येतं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालताना शक घालायची पद्धत होतीच. तुम्ही ते सन १८५८ वाचलंत असं दिसतंय (तसं धरलं तरी पेशवाई जाऊन चाळीस वर्षं झालेली होती, पण असो).

पण इथे चूक आमचीही आहे. आम्ही दिवसभर हेच वाचत असतो म्हणून 'श.' लिहून मोकळे झालो, पुढे कंसात १९३६ टाकायला काय जात होतं? गिऱ्हाईकाला शक-सनाचा हिशोब करायला लावणं बरोबर नाही. म्हणून समईवर घेतलेलं प्रीमियम तुम्हाला परत करतोय. समई मात्र परत घेता येणार नाही, आणि त्याचं कारण तुम्हीच व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो. सोन्यासारखी चमकतेय! चिंच लावली की पावडर माहीत नाही, पण हंसाच्या मानेखाली आणि तेलाच्या ताटलीच्या काठाला जो काळपट तपकिरी थर होता तो ऐंशी-नव्वद वर्षांच्या तेलाचा आणि हातांचा होता. तोच तर जुनेपणाचा पुरावा असतो, लोक नव्या पितळेला केमिकल लावून, मातीत पुरून तसला रंग आणायचा प्रयत्न करतात आणि आपण खरा होता तो घासून काढला. आता ती समई मी परत लिलावाला लावली तर लोक मलाच विचारतील नवीन आहे का.

आणि एक गोष्ट, तुम्ही म्हणाला होतात की ही मुलाकडे अमेरिकेला न्यायचीय. ती खरंच पेशवेकालीन असती तर नेताच आली नसती. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांच्या वरची अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ही अजून शंभरीत नाहीये म्हणून जाईल, तरी कस्टमवाले जुनं पितळ बघून अडवतात, त्यामुळे आधी पुरातत्त्व खात्याकडून ही पुरावस्तू नाही असं सर्टिफिकेट घ्या. फॉर्म भरायला आम्ही मदत करू, त्याचे पैसे नाहीत.

चित्राच्या बाबतीत मात्र मी काहीच बचाव करत नाही. चित्र ओरिजिनल आहे, भिंगातून बघितलं तर दगडावरच्या छपाईचे लहानमोठे वेडेवाकडे ठिपके दिसतात, आजच्या ऑफसेटसारखी आखीव जाळी नाही. रविवर्मा प्रेस १८९४ ला मुंबईत सुरू झाली, नंतर मळवलीला गेली, आणि रविवर्मांनी ती विकल्यावरही त्यांच्या चित्रांची छपाई चालूच राहिली, म्हणून आम्ही 'रविवर्मा प्रेस' एवढंच लिहितो, साल लिहीत नाही. पण कंडिशन 'चांगली' लिहिली ती फ्रेम न उघडता. पुठ्ठ्याच्या माउंटखाली लक्ष्मीच्या पायाशी ओल लागून पिवळा पट्टा आलाय तो आम्ही बघितलाच नाही. आळस, दुसरं काही नाही. पूर्ण पैसे परत, प्रीमियमसकट. ह्या लिलावापासून प्रत्येक चित्र फ्रेममधून काढून पुढून मागून फोटो घेतोय.

प्रीमियमचं म्हणाल तर हातोडा पडतो त्या रकमेवर १५ टक्के, हे बोलीच्या फॉर्मवर तुमच्या सहीच्या वरच लिहिलेलं आहे. लुटलं हा शब्द जरा जड झाला सर.

सोमवार सोडून कधीही या. येताना चित्र वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते, स्वच्छ जुन्या सुती चादरीत आणा आणि रिक्षात उभंच धरा. समईपण घेऊन या, दांडा थोडा सैल बसलाय असं फोटोत वाटतंय, आमचा माणूस पाच मिनिटात नीट करून देईल. पॉलिश नाही करणार.