बिनअध्यक्षाची मीटिंग

परवा इथे नवी मुंबईतच घणसोलीहून एका ओळखीच्या ताईंचा फोन आला. म्हणे तुम्ही कोपरखैरण्याला बागेत ती दोरीवाली मीटिंग करता ना, आम्हाला पण आमच्या सेक्टरमध्ये करायचीय, जरा सांगा की कशी करायची. मी सांगायला लागले ते पाऊण तास, इकडे गॅसवर भेंडी करपली आणि मुलगी म्हणाली आई फेसबुकवर लिहून टाक ना एकदाच, किती जणांना तेच तेच सांगशील. तर हे त्या ताईंसाठी. लांबलंय, आधीच सांगते.

२०२३ चा फेब्रुवारी. माझा भाचा पुण्यात आयटीत आहे, तो जेवताना सांगत होता की त्यांच्याकडे एक असली कॉन्फरन्स होते जिच्यात कार्यक्रमपत्रिकाच नसते. लोक आले की कोऱ्या कागदावर आपापला विषय लिहितात, भिंतीला चिकटवतात, कुठल्या कोपऱ्यात किती वाजता ते सांगतात आणि ज्याला ज्यात रस तो तिथे जाऊन बसतो. याच्या मागे म्हणे हॅरिसन ओवेन नावाचा एक अमेरिकन माणूस. त्याने वर्षभर राबून एक मोठी कॉन्फरन्स भरवली आणि शेवटी लोकांनी सांगितलं काय, तर सगळ्यात छान चहाच्या सुट्ट्या होत्या. बिचारा! पण त्याने ते मनाला लावून न घेता १९८५ ला पुढची कॉन्फरन्स भरवली तीच मुळी अजेंडाशिवाय. त्यात एक दोन पायांचा नियम आहे, म्हणजे जिथे आपण काही शिकत पण नाही आणि कोणाला काही देत पण नाही तिथून गुपचूप उठायचं आणि दुसऱ्या घोळक्यात जायचं, कोणी वाईट वाटून घ्यायचं नाही. मला हे ऐकून आमच्या सोसायटीची एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, आठवली, तिथे हा नियम लावला तर सेक्रेटरी आणि पंखा दोघंच उरतील.

तर आम्ही केलं काय, बागेत दोन देशी बदामाच्या झाडांमध्ये नायलॉनची दोरी बांधली. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून ठेवली, दोन स्केचपेन, आणि माझ्या गॅलरीतले कपडे वाळत घालायचे चिमटे. व्हॉट्सॲपवर अंगठे आले होते १४० की काय, प्रत्यक्षात माणसं आली २६. वॉचमनने विचारलं परवानगी आहे का, मी म्हटलं बड्डे आहे. खोटं बोलले, मान्य.

आमचा म्हणून एकच नियम जोडला होता. ज्याने कागद लावला त्याने तो जाताना घरी घेऊन जायचा. बाकी अध्यक्ष नाही, प्रास्ताविक नाही, आभार नाहीत, नारळ तर नाहीच.

सगळ्यात मोठा घोळका अर्थातच पार्किंगचा. कोपरखैरण्यात राहणाऱ्याला सांगायला नको, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने छोटी छोटी बैठी घरं बांधली तेव्हा दारात गाडी असेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, आता त्याच जागेवर मजल्यावर मजले आणि प्रत्येक मजल्यावर दोन बाईक, रस्ता मात्र तेवढाच. चौदा जण बसले, पन्नास मिनिटं आवाज चढले, एकाने दुसऱ्याच्या मेहुण्याच्या गाडीचा विषय काढला, आणि शेवटी ठरलं काय तर "यावर कोणीतरी काहीतरी केलं पाहिजे". अंधार पडल्यावर मी दोरी सोडायला गेले तर पार्किंगचा कागद तिथेच लटकत होता, घरी कोणी नेलाच नाही.

आणि एक घोळका होता तिघांचा. एक काका, दम्याचे पेशंट, त्यांच्या कागदावर दोनच ओळी. "पानं जाळतात. मला श्वास घेता येत नाही." त्यांच्यासमोर एक शाळेतल्या बाई आणि मी, तेही मी चहा द्यायला गेले आणि उठायला संकोच वाटला म्हणून बसले (दोन पायांचा नियम मीच पाळला नाही). मी लगेच माझं ज्ञान पाजळलं की काका, हरित लवादाचा २०१६ चा आदेश आहे, उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, आपण तक्रार करू. काकांनी एक पंप घेतला तोंडात, श्वास सोडला आणि विचारलं, "दंड कोणाला करायचा ताई? त्या झाडूवाल्या बाईला?"

मी गप्प.

काकांनी कागदाची नीट घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले उद्या सकाळी साडेसहाला येता का, जाळतात का ते विचारू तरी.

दुसऱ्या दिवशी गेलो. झाडणाऱ्या मावशी आधी घाबरल्या, वाटलं व्हिडिओ काढायला आलेत. मग बोलल्या. "गाडीवाला पानं घेत न्हाई, आन ढीग दिसला की मुकादम वरडतो. मग मी काय पदरात बांधून घरी नेऊ का?" संपलं! तीन वर्षं आम्ही सगळे नाक दाबून ज्याच्यावर चिडत होतो त्याचं कारण दोन मिनिटांत कळलं, आणि ते विचारायला कोणी खाली उतरलं नव्हतं. मी पण नाही, माझी खिडकी त्याच बागेकडे आहे.

मग काकांनी वेल्डमेशची जाळी आणली आणि चार फूट उंच, चार फूट रुंद गोल पिंजरा केला, बागेच्या मागच्या कोपऱ्यात. मावशींनी ढीग पेटवायचा नाही, तिथे टाकायचा. बस एवढंच. आम्ही वर पाणी मारायचो, गावातल्या एका गोठ्यातून शेण आणून पातळ करून शिंपडायचो, कधी गूळ-ताक. सुकी पानं एकटी लवकर कुजत नाहीत, त्यांना ओल आणि शेणासारखं काहीतरी लागतं, हे आम्हाला बरेच दिवस नुसता कोरडा ढीग बघत बसल्यावर कळलं. सोसायट्यांमधून तक्रारी आल्या, उंदीर होतील, साप येतील. उंदीर अन्नाला येतो, बदामाची पानं खायला कशाला येईल, पण ते पटवायला काकांना घरोघरी जावं लागलं, दम लागत लागत, तिसऱ्या मजल्यापर्यंत. मला वाटतं लोकांना कंपोस्टपेक्षा त्या धापेने जास्त पटवलं.

आणि मग मार्चमध्ये होळी आली. रात्री पोरांनी सगळा पिंजरा उपसून होळीत घातला, हा हा म्हणता राख. काका दोन दिवस खाली उतरले नाहीत. मला वाटलं झालं, संपला विषय. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर खाली मावशी आणि काका, पिंजऱ्यात नवी पानं पडताहेत आणि काका जाळीला पत्र्याची पाटी बांधताहेत, "ही होळीची लाकडं नाहीत". त्या वर्षी दिवाळीला पहिलं खत निघालं. मानेएवढा भरलेला ढीग गुडघ्याच्या खाली बसला होता, हातात घेतलं तर काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसात मातीला येतो तो वास. मावशी पिशवी भरून घेऊन गेल्या, त्यांच्या खोलीबाहेर डब्यात तुळस आहे म्हणाल्या.

आज पिंजरे पाच आहेत.

आता माझं मत, ज्यासाठी एवढं पाल्हाळ. आपल्याकडे सभा भरपूर होतात, सभांचा तुटवडा अजिबात नाही. पण आपल्या सभेत विषय ठरवणारा एक, बोलणारा दुसरा आणि काम करणारा तिसरा, तो तिसरा बहुतेक त्या दिवशी आलेलाच नसतो. "अमुकला सांगू, तो बघेल." दोरीवर कागद लावला की ही पळवाट बंद होते. ज्याला ते दुखतंय त्याच्याच हातात विषय राहतो. पार्किंग सगळ्यांना त्रास देतं पण ते कोणाचंच खासगी दुखणं नव्हतं, काकांचा मात्र श्वास अडकत होता. चौदा जण विरुद्ध तीन जण, आणि टिकलं कोण ते सांगितलंच.

पण ओवेनसाहेबांचं एक तत्त्व मला पटत नाही, स्पष्ट सांगते. ते म्हणतात जो येईल तोच योग्य माणूस. ऐकायला छान, आणि "अमुक का आले नाहीत" ही रड बंद होते हेही खरं. पण आमच्या पहिल्या मीटिंगला रविवारी संध्याकाळी पाचला कोण आलं? ज्यांना रविवार असतो ते. झाडणाऱ्या मावशी नव्हत्या, धुणीभांडी करणाऱ्या नव्हत्या, रिक्षावाले नव्हते, आणि घरी ज्यांना सातला स्वयंपाकाला लागायचं त्या निम्म्या बायका चुळबुळ करत होत्या. म्हणजे पानांबद्दल ज्या एका बाईला सगळं माहीत होतं ती सोडून आम्ही बोलत बसलो होतो. दुसरी मीटिंग म्हणून आम्ही मधल्या वारी दुपारी साडेअकराला घेतली, झाडणाऱ्या मावशींची ड्युटी सुटते तेव्हा. आमचे ऑफिसवाले आले नाहीत, आली नऊच माणसं, आणि ती आमची आजवरची सगळ्यात कामाची मीटिंग होती. येईल तो योग्य, हो, पण वेळ आणि जागा कोणाच्या सोयीची ठेवली यावरच कोण येईल ते ठरतं.

माझी एक मैत्रीण बोनकोड्याची, आगरी, तिला हे सगळं सांगितलं तर खो खो हसली. म्हणाली तुम्ही सेक्टरवाल्यांनी आता शोधलंत होय, आमच्याकडे गावकी, म्हणजे अख्ख्या गावाची बैठक, कधीपासून आहे. १९८४ च्या जानेवारीत सरकार घेत असलेल्या जमिनींसाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच माणसं गेली, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना त्या लढ्यातून आली, ती काय कोणी हॉल बुक करून केलेली मीटिंग होती का, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं खरंय. मग जरा थांबून तीच म्हणाली, पण गावकीत बायका बसायच्या कुठे माहितीय ना, मागे, आणि बोलायच्या घरी गेल्यावर. दोरीला मागे-पुढे नसतं, एवढं तुमचं बरं आहे.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखाबद्दल बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" वालं गाव. त्यांची ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते ते सगळे सांगतात, पण मला जास्त भारी वाटतो तो त्यांचा अभ्यासगट. म्हणजे जिथे फक्त बोलायचं, समजून घ्यायचं, निर्णय घ्यायचाच नाही, निर्णय ग्रामसभेत. बोलायची जागा वेगळी आणि ठरवायची वेगळी ठेवली की लोक हरण्याच्या भीतीशिवाय बोलतात. शहरात आपल्याला तसली ग्रामसभा नाही. कायद्यात २००९ पासून महाराष्ट्रात क्षेत्रसभेची तरतूद आहे, मतदारयादीतल्या लोकांनी आपल्या भागाचं बसून ठरवायचं अशी, आणि माझ्या ओळखीत एकही माणूस नाही जो कधी क्षेत्रसभेला बसलाय. तुमच्यापैकी कोणी बसलं असेल तर खरंच लिहा, मला उत्सुकता आहे.

त्यात नवी मुंबईत २०२० ला पालिकेची मुदत संपली आणि नंतर पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होते. नगरसेवक नव्हते पण "भावी" मात्र चौकाचौकात बॅनरवर. त्यातले एक भावी आमच्या तिसऱ्या मीटिंगला आले. खुर्च्या देतो म्हणाले, माइक देतो, एक छोटासा बॅनर मागे. आम्ही म्हटलं दादा, चिमटा घ्या, कागद घ्या, तुमचा विषय लावा. ते बराच वेळ स्केचपेन हातात धरून उभे होते. मग फोन आल्यासारखं केलं आणि गेले. दोन पायांचा नियम त्यांनी आमच्यापेक्षा चांगला पाळला.

हिशोब पण सांगते, नाहीतर वाटेल सगळं गोडच आहे. आतापर्यंत आठ मीटिंगा, पन्नासेक कागद, त्यातले जिवंत चार. बाकीचे मेले, आणि मेले ते बरंच झालं असं मला काहींबद्दल वाटतं. पिंजरे सोडले तर एका दहावीतल्या मुलीने सुरू केलेला रविवारचा तास आहे, आज्यांना मोबाईलवरून पैसे पाठवायला आणि लबाडांचे फोन ओळखायला शिकवायचा. ती आता कॉलेजात गेली, तिचा धाकटा भाऊ घेतो तो तास. आज्या म्हणतात हा तापट आहे, तीच बरी होती.

ताई, तुम्ही विचारलंत व्हॉट्सॲप ग्रुप काढू का. नका काढू. आम्ही काढला होता, पंधरा दिवसांत त्यात गुड मॉर्निंग, एक प्रेशर कुकर विकणे आहे आणि दोन राजकीय भांडणं. त्यापेक्षा तिघाचौघांनी एकमेकांचे नंबर घ्या आणि बाकावरून उठायच्या आधी पुढचा वार आणि वेळ कागदाच्या मागे लिहा. "भेटू लवकरच" असं लिहिलेले आमचे सगळे कागद मेले. "मंगळवारी साडेसहा" लिहिलेला काकांचा अजून चालू आहे. आणि ट्रस्ट, नोंदणी, लेटरहेड वगैरे कोणी सुचवेलच तुम्हाला. पाच पिंजऱ्यांना अध्यक्ष लागत नाही, आणि अध्यक्ष आला की दोन महिन्यांत माजी अध्यक्ष पण येतो.

दोरी आणि चिमटे माझ्याकडे आहेत, घेऊन जा, संध्याकाळी सातनंतर घरीच असते. चिमटे मात्र मोजून परत करा, मागच्या वेळी सात कमी आले आणि माझे कपडे अजून गॅलरीत उडतात.