प्रायमर बरणीत ओतायचे नसतात

परवा फिनिक्सहून भाच्याचा मेसेज आला: "मावशी, हे बरोबर आहे का? ग्रुपवर सगळे म्हणतायत." खाली लांबलचक फॉरवर्ड. घरी पिस्तुलाची काडतुसं पुन्हा भरणाऱ्यांसाठी पैसे वाचवायच्या पाच युक्त्या. पुंगळीच्या (काडतुसाच्या रिकाम्या नळीच्या) बुडाच्या खोबणीत बसेल तो प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टिकली, चालतो. मॅग्नम प्रायमर केव्हाही चांगलाच. डब्यांची अडगळ नको, सगळे प्रायमर काचेच्या एका बरणीत ओता. वर राहिलेला प्रायमर पुन्हा जोरात दाबा. नको असलेला तेलात बुडवा, तो मरतो. पोराने गेल्याच महिन्यात प्रेस, म्हणजे काडतुसं भरायचं दांड्याचं यंत्र, घेतलाय. मी ह्यूस्टनजवळ आमच्या गॅरेजमध्ये १२ वर्षं .३८ स्पेशल आणि .४५ एसीपी या मापांची काडतुसं भरते आहे. हे वाचून माझं डोकं फिरलं.

आधी बरणीचं बोलते, कारण बाकीच्या चुकांनी एखादी बंदूक फुटेल, या चुकीने घर जाईल. प्रायमर म्हणजे धातूची मसुराएवढी वाटी, तिच्यात ठोका बसताच पेटणारं लेड स्टिफनेटचं मिश्रण. कंपनी शंभर प्रायमर ट्रेमध्ये एकेकट्या खळग्यात ठेवते, ते एकाची आग दुसऱ्याला लागू नये म्हणून. बरणीत ते एकमेकांवर घासतात, मिश्रणाची पूड तळाशी साठते, आणि एक पेटला की सगळे एकदम जातात. काचेच्या तुकड्यांचं काय होतं ते मी लिहायला नको. अमेरिकेतल्या दारूगोळा उत्पादकांची सॅमी ही संस्था १९२६ पासून या धंद्याची मानकं ठरवते. प्रायमर हाताळण्यावर तिचं स्वतंत्र पत्रक आहे आणि ते फुकट वाचायला मिळतं. सुटे प्रायमर एकत्र साठवले तर सामूहिक स्फोट होतो, ते मूळ वेष्टनातच ठेवा, असं त्यात सरळ सांगितलंय. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ते उघडूनही पाहिलेलं नाही.

बरणीचा दुसरा तोटा तितकाच वाईट. प्रायमरचं नाव डब्यावर असतं, अंगावर नाही. प्रायमरच्या स्मॉल पिस्टल आणि स्मॉल रायफल या दोन जाती घ्या, दोन्हींचा व्यास ०.१७५ इंच, उंचीही तीच. तळहातावर शेजारीशेजारी ठेवले तर मलाही खात्रीने सांगता येणार नाही कोणता कुठला. फरक वाटीच्या पत्र्यात आहे: रायफलची वाटी जाड, कारण तिला .२२३ या रायफलच्या काडतुसाचा ५५ हजार पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब सोसायचा असतो. ९ मिलिमीटरची कमाल मर्यादा ३५ हजार, .४५ एसीपीची २१ हजार. पिस्टलचा पातळ प्रायमर रायफलमध्ये गेला तर वाटीला भोक पडून तापलेला वायू मागे बोल्टकडे, म्हणजे काडतुसामागच्या अडसराकडे, उलटा येतो. रायफलचा जाड प्रायमर पिस्तुलात गेला तर ठोका देणाऱ्या हलक्या फायरिंग पिनने तो पेटेलच असं नाही.

"बसेल तो चालतो" याचं उत्तर त्यातच आलं. हो, एक गोष्ट मान्य करते, नाइलाजाने. २०२०-२१ च्या टंचाईत प्रायमर सोन्याच्या भावाने विकले जात होते, आणि मुरलेल्या लोकांनी ९ मिलिमीटरमध्ये स्मॉल रायफल वापरले. उडाले ते. पण त्यांनी दारू कमी करून, एकेक पायरी चढत, दाबाच्या खुणा बघत ते केलं होतं. "चालतो" एवढ्या एका शब्दात ती मेहनत कुठे आहे? आणि लार्जच्या बाबतीत तर ही सबबही नाही. लार्ज पिस्टल आणि लार्ज रायफल, व्यास दोघांचा ०.२१० इंच, पण लार्ज रायफल सुमारे ८ हजारांश इंच जास्त उंच असतो. पिस्तुलाच्या पुंगळीत तो बाहेर डोकावतो, आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) आपटताच ट्रिगर न ओढता बार होऊ शकतो.

.४५ मध्ये आणखी एक सापळा आहे. मूळ पुंगळीला लार्ज प्रायमर लागतो, पण हल्ली काही कंपन्यांच्या पुंगळ्या स्मॉलच्या असतात. रेंजवरून वेचलेल्या ढिगात त्या मिसळलेल्या असतात. एकदा माझ्याच हाताखाली प्रेसचा दांडा अर्ध्यात अडला. जोर लावला नाही, पुंगळी काढून उलटी करून पाहिली, तर खोबण लहान. "पुन्हा जोरात दाबा" वाचलं की मला तो दांडा आठवतो. वर राहिलेला प्रायमर भरलेल्या काडतुसात कधीच दाबायचा नाही. प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून, दारू भरण्याआधी, बोट फिरवायचं. प्रायमर पातळीच्या किंचित खाली लागला पाहिजे.

मॅग्नम प्रायमर "चांगला" नसतो, गरम असतो. .३५७ मॅग्नममध्ये एच-११० सारखी सावकाश जळणारी दारू असेल तर तो हवाच, नाहीतर ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीत अडकू शकते. तोच ९ मिलिमीटरच्या चिमुकल्या पुंगळीत, जलद दारूच्या कमाल मापावर लावला, तर दाब मर्यादेपलीकडे जातो. काडतुसं भरायच्या मॅन्युअलमध्ये जो प्रायमर छापलाय तो घ्यायचा. बदलला तर सुरुवातीच्या मापापासून पुन्हा चढायचं.

तेलाचं काय, कधी मरतो, कधी नाही. त्याच्यावर विसंबून कचऱ्यात टाकू नका.

हेच फॉरवर्ड पुण्यातल्या एका ग्रुपवरही फिरतंय म्हणे. तिथल्यांनी प्रायमर निवडण्याचा प्रश्नच येत नाही: १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो.

भाच्याला लगेच फोन केला. नशीब, बरणी आणली होती, ओतलं काही नव्हतं. डबे समोर घेऊन एकेक लेबल मोठ्याने वाच म्हटलं. तीन डबे होते. दोन स्मॉल पिस्टल. तिसरा स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला, स्मॉल रायफल. तो प्रेसपासून लांब, वेगळ्या कपाटात ठेवायला लावला, आणि ठेवल्यावर फोटो मागवला.