पंधरा मिनिटांची फुलदाणी आणि दीड दिवस : तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. पावसात भिजत तुम्हाला दोनदा हेलपाटा पडला, सुट्टीचा शेवटचा दिवस त्यातच गेला, त्याबद्दल मनापासून माफी मागते. भावाच्या वतीनेही मागते. तो काच फुंकतो, मी रंगवते आणि काउंटर सांभाळते, त्यामुळे लिहिण्याचं काम माझ्याकडेच येतं.

आता बाकीचं. तुम्ही दोन तारे देऊन लिहिलंत की पंधरा मिनिटांत डोळ्यांसमोर तयार झालेली फुलदाणी हातात द्यायला आम्ही दीड दिवस लावला, आणि पर्यटकाला पुन्हा दुकानात आणून आणखी काहीतरी गळ्यात मारायची ही आमची युक्ती आहे. शिवाय तळ खरखरीत, काचेत बुडबुडा, चित्र काढून द्यायला नकार, आणि म्हापशाच्या बाजारात अशीच वस्तू पाव किमतीत. तळ, बुडबुडा, किंमत यांवर ज्याचं त्याचं मत असू शकतं. युक्तीचा आरोप मात्र घशाखाली उतरत नाही. शनिवारी तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला चहा दिला होता. विकलं काहीच नव्हतं.

शुक्रवारी दुपारी तुम्ही जे पाहिलंत ते खरंच पंधरा-वीस मिनिटांचं काम होतं. भट्टीत साधारण ११०० अंशांवर वितळलेली काच नळीच्या टोकावर गुंडाळून घ्यायची, पोलादी पाट्यावर लोळवायची, रंगाच्या चुऱ्यात फिरवायची, पुन्हा तापवायची, फुंकायची, भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या घडीने आकार द्यायचा, चिमट्याने मान बारीक करायची. मग तळाला दुसरी सळई चिकटवून नळीकडची बाजू सोडवायची आणि तोंड उघडायचं. हे सगळं भराभरच करावं लागतं, काच थांबत नाही. म्हणूनच तुमचा मुलगा व्हिडिओ काढताना "इकडे बघा ना" म्हणत होता तेव्हा भावाने वर पाहिलं नाही. त्याला उर्मटपणा समजू नका.

शेवटी त्याने जाड हातमोजे घालून फुलदाणी कोपऱ्यातल्या ओव्हनमध्ये ठेवली आणि दार लावलं. तुमच्या हिशेबात काम तिथे संपलं. आमच्या हिशेबात फुलदाणी फुलदाणी होते ती त्या बंद पेटीत. काच बाहेरून आधी गार होऊन घट्ट होते, तेव्हा आतली काच गरमच असते. नंतर आतली आकसायला जाते, पण बाहेरची तिला आकसू देत नाही. तो ताण काचेतच राहतो. वरून काही दिसत नाही. मग एखाद्या दिवशी टेबलावर जरा जोरात ठेवली, किंवा नुसता ओरखडा गेला, की उभी तडकते. म्हणून आधी ५०० अंशांच्या आसपास काही तास ठेवून आत-बाहेर सारखी तापू द्यायची, मग ३७० पर्यंत अगदी सावकाश उतरवायची, आणि तिथून हाताला लागेल इतकी गार होईपर्यंत थांबायचं. काच जितकी जाड तितका वेळ जास्त. आणि "तळ चांगला जड ठेवा, वाऱ्याने पडायला नको" हे तुम्हीच सांगितलं होतंत. तळ जवळजवळ दोन सेंटिमीटरचा झाला. पातळ ग्लासाची वेळ त्याला लावली असती तर ती पुण्यापर्यंत पोचली असती की नाही, याची खात्री मी देऊ शकले नसते.

खोटं वाटत असेल तर काउंटरवर पोलरायझरच्या, म्हणजे काचेतला ताण दाखवणाऱ्या, दोन काचा ठेवलेल्या आहेत. त्यांच्यामध्ये नीट गार केलेली वस्तू धरली तर सगळं काळोखं दिसतं, ताण राहिलेली धरली तर उजळ पट्टे दिसतात. तुमची फुलदाणी शनिवारी त्यातून बघूनच दिली. मी बोलावलं होतं बघायला, तुम्ही फोनवर होता. शाळेची मुलं येतात तेव्हा भाऊ वितळलेल्या काचेचा थेंब सरळ पाण्यात सोडतो. त्या थेंबाच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो सहसा फुटत नाही, पण शेपटी मोडली की क्षणात पूड. ताण म्हणजे काय ते मुलांना लगेच कळतं.

मग शनिवारी सकाळी का मिळाली नाही? शुक्रवारी रात्रीचा पाऊस तुम्हीही पाहिलात. वीज गेली ती पहाटेच आली. आमच्याकडे जनरेटर आहे, पण त्यावर भट्टीला हवा देणारा पंखा चालतो, ओव्हनचा भार त्याला झेपत नाही. ओव्हनच्या जाड विटांमुळे काच एकदम गार झाली नाही, पण ठरलेल्या वेगाने उतरलीही नाही. अशा वेळी उपाय एकच. हळूहळू परत ५०० पर्यंत न्यायची आणि सगळं पहिल्यापासून. भाऊ पहाटेपासून तेच करत बसला होता. सकाळी सात वाजता मी तुम्हाला मेसेज टाकला होता की दुपारनंतर या. दोन निळ्या खुणाही आल्या होत्या. तरी तुम्ही दहाला आलात, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

एक गोष्ट लिहिणार नव्हते. दहा वाजता आलात तेव्हा तुमच्या साहेबांनी "नुसतं डोकावतो" म्हणत ओव्हनच्या दाराला हात घातला आणि मी ओरडले. तुम्ही लिहिलंय की दुकानदारीण ग्राहकांवर ओरडते. ताई, ओव्हनमधली तापलेली काच लाल दिसत नाही, टेबलावरच्या काचेसारखीच दिसते. आत तुमच्या फुलदाणीबरोबर आणखी पाच जणांच्या वस्तू होत्या, आणि साहेबांचा हात होता. आवाज चढला असेल.

तळाचं म्हणाल तर सळई तोडल्याची ती खूण असते. गार झाल्यावर चाकावर घासून आम्ही ती गुळगुळीत करून देतो, त्याला तासभर लागतो. तुमचं मोपाहून संध्याकाळचं विमान होतं, तुम्ही "राहू दे, तसंच द्या" म्हणालात, मी तसंच बांधून दिलं. तळातला एकटा मोठा बुडबुडा मुद्दाम ठेवलेला आहे. गरम काचेला टोचा मारून त्यावर दुसरा थर घेतला की हवा आत अडकते. मांडणीवरची तशीच दाखवून तुम्ही ती मागितली होती.

चित्राचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ते माझं काम आहे. अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, रंगवलेली फुलदाणी तुम्हाला आवडली, आणि शनिवारी दुपारी तुम्ही म्हणालात की आमच्या फुलदाणीवरही तसंच काढून द्या, दहा मिनिटांचं तर काम. हात भराभर चालतो माझा, ते खरं. पण तो रंग म्हणजे काचेचीच बारीक पूड, धातूंची ऑक्साइडं आणि तेल. तो साडेपाचशे अंशांच्या वर भाजला की पृष्ठभागावर वितळून बसतो, आणि मग परत सावकाश गार करणं आलंच. म्हणजे आणखी एक रात्र. त्यात अबोलीचा नारिंगी फार नखरेल, जरा जास्त तापला की काळवंडतो. न भाजता साध्या रंगाने काढून दिलं असतं तर तुम्ही खूश होऊन गेला असता आणि घासणीच्या पहिल्या हाताला अबोली सिंकमध्ये. असं काम मी देत नाही. पैसे मिळत असतील तरी.

किमतीबद्दल थोडकंच. म्हापशाच्या बाजारात मिळतात त्या साच्यातल्या. त्यांना मी नावं ठेवणार नाही, माझा भाऊ फिरोजाबादच्या कारागिरांकडेच शिकला. पण तुम्ही निवडलेल्या गुलाबी रंगात खरोखर सोन्याचा अंश असतो, त्या रंगाच्या कांड्या परदेशातून येतात. आणि भट्टी रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही, गिऱ्हाईक असो नसो ती चोवीस तास गॅस खाते. पावसाळ्यात येणारी माणसं मोजकी. फोनवर आमचं नाव शोधलं की सध्या सगळ्यात वर तुमचे दोन तारे दिसतात. चवथीच्या आधी ज्या दोन-तीन ऑर्डरी येतील असं वाटत होतं, त्यांतली एक परवाच रद्द झाली. त्याच कारणाने झाली असं म्हणत नाही.

तुमच्या सूचनेनुसार काही बदल करतोच आहोत. "वस्तू दुसऱ्या दिवशी मिळेल" ही पाटी दारावर आधीही होती, आता मोठी करू. ओव्हनसाठी विजेची काही सोय होते का तेही बघतोय. ज्यांना लगेच निघायचं असेल त्यांना कुरिअरने पाठवतोच, हे मी पैसे घेतानाच सांगायला लागले आहे.

पैसे परत मागितलेत, ते मला शक्य नाही. पण फुलदाणी पाठवलीत तर तळ घासून देईन, आणि हवी असेल तर अबोलीही काढून भाजून देईन. रंगवायचे पैसे घेणार नाही, येण्याजाण्याचा कुरिअर तेवढा तुमचा. पाठवताना चारी बाजूंनी कापड गुंडाळा, आत वर्तमानपत्र कोंबा आणि खोका हलवून बघा, आतून आवाज यायला नको. तोवर तिच्यात गरम पाणी घालू नका, नुसती धुवायला म्हणूनसुद्धा. सोमवारी आम्ही बंद असतो, त्या दिवशी कुरिअरवाल्याला पाठवू नका.

देव बरें करूं.