एसीचा कॉम्प्रेसर गेला म्हणे!

19,300 रुपये! एका आवाजावरून! मीटर नाही, मोजमाप नाही, गच्चीवरच्या आउटडोअर युनिटचं झाकणसुद्धा धड उघडलं नाही, आणि आकडा 19,300!

नवतपा लागलेला, म्हणजे मे अखेरचे ते नऊ भट्टीचे दिवस, दुपारचे अडीच. आई 78 वर्षांची, बीपीची गोळी घेऊन पलंगावर पडलेली, मानेवर ओला टॉवेल. एसी सुरू, पण वारा गरम. आणि हा एसी दुरुस्तीवाला पोरगा पायातले बूट न काढता माझ्या बैठकीतून जिन्याकडे जातो, गच्चीवर चढतो, चार मिनिटांत खाली येतो आणि सांगतो, "काकू, कॉम्प्रेसर गेला याचा." चार मिनिटं! मी घड्याळ पाहत होते. जिना चढण्या-उतरण्यासकट चार.

त्याआधी दारातच विचारून झालं होतं, "साहेब नाहीत का घरी?" का रे बाबा? 22 वर्षं या घराचं लाइट बिल मी भरते, घरटॅक्स मी भरते, आईचं दवाखान्याचं सगळं मी बघते. एसीही मीच घेतला, माझ्या पगारातून. काय बिघडलं ते मला सांगितलं तर मला कळणार नाही?

"मीटर लावून पाहिलं का?" म्हटलं. तर म्हणतो, "आवाजावरूनच कळते आम्हाला, रोजचं काम आहे." व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर आकडे लिहिले. कॉम्प्रेसर 14,500, गॅस 3,000, मजुरी 1,800. मॉडेल नंबर नाही, सही नाही, जीएसटी नाही. अर्धे पैसे आत्ता द्या, संध्याकाळपर्यंत बसवून देतो, उद्यावर गेलं तर आठ दिवस नंबर लागणार नाही. हे बोलताना नजर कुठे? पलंगावरच्या माझ्या आईकडे.

इथेच माझं डोकं फिरलं. हे लोक कॉम्प्रेसर विकत नाहीत, आपली घाबरगुंडी विकतात. घरात म्हातारं माणूस आहे, बाहेर 45 अंश आहे, ही बाई आता नाही म्हणूच शकत नाही, हा हिशोब करून आकडा सांगतात. थंडीत हाच एसी बंद पडला असता तर हाच माणूस 19,300 म्हणाला असता का?

मी एवढंच म्हटलं, की अजून एकाला दाखवते आणि मग कळवते. शांतपणे म्हटलं. त्याचा चेहरा असा झाला, जसा मी त्याच्यावर चोरीचा आळ घेतला. "भरवसा नव्हता तर बोलावलं कशाला?" अरे, तुला बोलावलं एसी बघायला! बघितलास का? 600 रुपये व्हिजिट चार्ज मोजून घेतला, पावती मागितली तर "पुस्तक दुकानात आहे." आणि जिन्यावरून उतरता उतरता, आईला ऐकू जाईल अशा आवाजात, "बसा मग कूलरमध्ये."

बसा मग कूलरमध्ये! माझ्या घरात, माझ्या आईसमोर! आईनं ते ऐकलं. नंतर मला म्हणाली, "देऊन टाक नं बाई पैसे, माझ्यापायी तुले त्रास नको." या वाक्याची किंमत कोण देणार? 78 वर्षांच्या बाईला स्वतःच्याच लेकीच्या घरी आपलं ओझं झालं असं वाटलं, कारण एका माणसाला मीटर काढायचा कंटाळा होता.

रात्र कूलरवर काढली. ताट्या मागच्या वर्षीच्या, कुबट वास येणाऱ्या. दोनदा उठून आईच्या अंगावरून ओला पंचा फिरवला. पुण्याहून वहिनीचा फोन, "ताई, कशाला घासाघीस करता, नवाच घेऊन टाका." हे वाक्य तर माझ्या डोक्यातच जातं. ज्यांच्या गावी मे महिन्यात रात्री खिडकी उघडून झोपता येतं, त्यांनी आम्हा नागपूरकरांना एसीचे सल्ले देऊ नयेत.

दुसऱ्या दिवशी इथल्याच सक्करदऱ्याहून एक मेकॅनिक आले. साठीचे असतील, डोक्याला दुपट्टा बांधलेला, सायकलला पिशवी. चपला दाराबाहेर काढल्या. आधी विचारलं, "काय होऊन राहिलं, ते सांगा बरं." मी सांगितलं. आतला ब्लोअर फिरतो, बाहेरचा पंखा फिरतो, मग घूंऽऽ आवाज येतो, काही सेकंदांनी टक् आणि बंद. ते हसले नाहीत, मान हलवली आणि वर गेले. मी सोबत गेले, छत्री धरून उभी राहिले, कारण गच्चीवर पाय ठेववत नव्हता.

मेन स्विच पाडला. झाकणाचे स्क्रू काढून एका वाटीत ठेवले. कॅपॅसिटरमधला साठलेला करंट उतरवला, मगच हात लावला. हातात घेऊन मला दाखवला तो डबा. वरची बाजू सपाट असायला हवी, ती पुरीसारखी टम्म फुगलेली. आंधळ्यालाही हात लावून कळलं असतं! वर क्षमता छापलीय 50 मायक्रोफॅरड, मीटरवर आले 11. कॉम्प्रेसर सुरू व्हायला जोर लागतो, तो जोर द्यायला हाच डबा असतो. तो मेला की मोटर घुंघुं करते, करंट जास्त ओढते, तापते, ओव्हरलोड नावाचा सुरक्षेचा स्विच तिला बंद करतो. मग त्यांनी कॉम्प्रेसरच्या तिन्ही पिनांवर मीटर लावलं. दोन वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांच्या, आकड्यांची बेरीज तिसऱ्या आकड्याशी जुळली. बॉडीशी कुठे शॉर्ट नाही. "बाई, कोनं सांगतलं तुमाले हा गेला म्हणून? एकदम ठणठणीत हाय."

बर्डीच्या बाजारातून नवा कॅपॅसिटर आणला. पार्ट 350, मजुरी 300. सुरू केल्यावर क्लॅम्प मीटर वायरीला लावून मला आकडा दाखवला, सात अँपिअर. पंधरा मिनिटांत आईची खोली गार.

650 रुपये! आणि तो मागत होता 19,300!

संतापाची हद्द पुढेच आहे. मी त्या पहिल्या दुकानात फोन केला. वाटलं, निदान चुकलं म्हणतील. पलीकडून काय उत्तर यावं? "मॅडम, कॅपॅसिटर कॉम्प्रेसरचाच पार्ट असतो, आमच्या माणसानं चुकीचं काय सांगितलं?" म्हणजे उद्या चप्पलचा अंगठा तुटला तर पाय कापायचा का? पायाचाच भाग आहे म्हणून? बरं, कार्डावर 14,500 कशाचे लिहिले होते? या प्रश्नावर फोन ठेवला. परत लावला तर उचलत नाहीत.

मग कपाटातून फाइल काढली. एसी चार वर्षांचा. वॉरंटी कार्डावर स्वच्छ लिहिलंय, कॉम्प्रेसर पाच वर्षं. म्हणजे खरंच गेला असता तरी तो पार्ट मला कंपनीकडून मिळाला असता! त्या पोरानं एकदाही विचारलं नाही, एसी कधी घेतला, कार्ड आहे का. विचारेल कसा?

आता आठवायला लागलं की सगळंच आठवतं. आधीच्या एसीत सलग तीन उन्हाळे गॅस भरला. दर वेळी 2,800. "गॅस संपला काकू." गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे संपायला? बंद नळीत फिरत असतो, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. गळती शोधायची, बुजवायची, व्हॅक्यूम मारून नळीतली हवा काढायची, मग गॅस वजनानं भरायचा. तिघांपैकी एकानंही हे केलं नाही. चौथ्यानं साबणाचं पाणी लावलं तर तांब्याच्या नळीच्या नटापाशी बुडबुडे! तोवर 8,400 रुपये हवेत गेलेले, अक्षरशः हवेत. डिसेंबरात गिझरचं तेच. "टाकी गेली, नवा घ्या." आमच्याकडे बोअरचं पाणी, एलिमेंटवर क्षाराचा बोटभर थर चढला होता. एलिमेंट बदललं, गिझर आजही चालू आहे. आणि शेजारच्या काकांना तर पीसीबी, म्हणजे एसीचा सर्किट बोर्ड, दोनदा बदलून दिला. नंतर कळलं की वायर उंदरानं कुरतडली होती. काका बिचारे रिटायर्ड, पेन्शनवर घर. त्यांच्यासारख्यांचं मला जास्त लागतं. ते विचारतच नाहीत. वाईट दिसेल म्हणतात.

काय वाईट दिसेल? धंतोलीतल्या एका डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं की आपण रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, आणि कुठलाही चांगला डॉक्टर त्यावर रागावत नाही. 2024 च्या मे अखेरीस आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश दाखवले होते, आठवतं ना? देशभर बातमी झाली. हवामान खात्यानं तपासलं, सेन्सरच बिघडलेला निघाला. खातं स्वतःच्या यंत्राचा आकडा पुन्हा तपासतं, आणि मी एका माणसाच्या कानावर 19,300 रुपये टाकायचे? वर त्याला विचारलं की त्याचा अपमान!

ज्याला काम येतं त्याला दुसऱ्याची भीती नसते. सक्करदऱ्याच्या त्या मेकॅनिकनी तर जाताना मलाच सांगितलं, जुना पार्ट ठेवून घ्या, कोणालाही दाखवा. असे लोक या शहरात आहेत. उन्हात सायकलवर फिरतात, कार्डं वाटत नाहीत, म्हणून आपल्याला सापडत नाहीत.

ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर मला माहीत आहे. पण 600 रुपयांची पावतीच नाही तर दाखवू काय? म्हणून आधी पावती. पैसे मागाहून. फुगलेला कॅपॅसिटर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलाय, सोबत ते आकडे लिहिलेलं कार्ड आणि वॉरंटीची झेरॉक्स. दुकान सकाळी दहाला उघडतं. मी साडेनऊला पायरीवर असेन, आणि जो गिऱ्हाईक येईल त्याच्या हातात तो डबा देऊन विचारेन, याचे 14,500 द्याल का.