वहिनी आणि भावोजी

आदेश बांदेकरांना कुणी 'साड्या वाटून मोठा झालेला माणूस' म्हटलं की माझं डोकं फिरतं. काल एका ग्रुपवर पुन्हा तेच वाचलं, म्हणून हे लिहायला बसलो.

२००४ साली 'होम मिनिस्टर' सुरू झालं, म्हणजे बांदेकरांनी घरोघरी जाऊन बायकांशी गप्पा मारायच्या, खेळ घ्यायचे आणि शेवटी पैठणी द्यायची असा टीव्हीवरचा कार्यक्रम, तेव्हा आमच्या घरात टीव्ही एकच, आणि दिवेलागणीला त्याचा ताबा काकूकडे. बांदेकर आम्हाला त्याआधी 'ताक धिना धिन'मुळे माहीत होते. तो स्टुडिओतला खेळ. स्टुडिओत सूत्रसंचालक घरचा असतो आणि स्पर्धक बुजलेला. इथे सगळं उलटं. दोन खोल्यांचं घर, पलंगावर दाटीवाटीने बसलेलं सासर, खिडकीला लटकलेली शेजारची पोरं, आणि परका म्हणाल तर एकटे हेच! ती जागा पहिल्या पाच मिनिटांत आपलीशी करायची, तीही रोज नव्या घरात.

ते घरच्या बाईला 'वहिनी' म्हणायचे आणि ती त्यांना 'भावोजी'. माझ्या मते याची किल्ली 'भावोजी' या एका शब्दात आहे. विचार करा, बाईंना 'ताई' म्हटलं असतं तर हे भाऊ झाले असते. आणि भावासमोर कुठली बाई नवऱ्याची तक्रार हसत हसत करेल? भावाला सांगितलेलं माहेरी पोचतं, मग त्याचा बाऊ होतो. दिराचं तसं नसतं. तो सासरचाच, पण थट्टेचा हक्क असलेला. 'वहिनी, खरं सांगा' असं तोच म्हणू शकतो, आणि सासूही गालातल्या गालात हसते. पैठणी शेवटी यायची, पण काकू बसायची ती या गप्पांसाठी.

लग्नाची तारीख विचारली की नवरोबांचा चेहरा बघायचा. ते छताकडे बघतात, वहिनी त्यांच्याकडे, आणि भावोजी गप्प. घाई करत नाहीत, उत्तर सुचवत नाहीत. चार सेकंद नुसती शांतता. ही शांतता धरून ठेवणं मला भल्याभल्या अँकरांत दिसत नाही. हल्ली तर स्पर्धकाचं वाक्य संपायच्या आत टाळ्या वाजतात.

सगळंच गोड होतं असं नाही. 'होम मिनिस्टर' या नावातच खातं ठरलेलं: घर. बाईची नोकरी दोन वाक्यांत आटपायची आणि स्वयंपाक, सासूबाई, उखाणा यांवर अर्धा भाग जायचा, हे मला तेव्हाही खटकायचं. काकूला नाही खटकलं, तो भाग वेगळा.

आणि हे नातं दाराबाहेर चालत नाही, हेही दिसलं. २००९ला बांदेकर माहीममधून शिवसेनेतर्फे विधानसभेला उभे राहिले, मनसेच्या नितीन सरदेसाईंकडून हरले. वहिनी दारात ओवाळतात, मत मात्र स्वतःच्या हिशोबाने देतात. २०१७मध्ये सिद्धिविनायक मंदिर न्यासाचे अध्यक्ष झाले, पण माझ्या घरात त्यांचा उल्लेख तेव्हाही 'भावोजी' असाच.

लॉकडाऊनमध्ये तर उंबराच बंद. तेव्हा व्हिडिओ कॉलवरून 'घरच्या घरी' खेळ केला. नेट अडकायचं, चेहरे गोठायचे, तरी तो मला याच कार्यक्रमाच्या २०२२च्या 'महामिनिस्टर' या पर्वापेक्षा बरा वाटला. अकरा लाखांची पैठणी, सोन्याची जर, हिरे! अहो, दीर वहिनीला काय देतो? नेसायची साडी देतो. अकरा लाखांची नेसून ती जाणार कुठे? तिजोरीत? बक्षीस एवढं वाढलं की समोरची वहिनी उरत नाही, स्पर्धक होते. तिथे भावोजी पहिल्यांदा मला निव्वळ सूत्रसंचालक वाटले.

काकूच्या घरी ते कधी आलेच नाहीत. पण तिने उखाणा तयार ठेवला होता: 'पैठणीच्या पदरावर मोर नाचे थुई थुई, रावांचं नाव घेते, भावोजींना कसली घाई!' मध्ये काकांचं नाव. परवा सहज विचारलं, तर भांडी विसळता विसळता एका दमात म्हणून दाखवला. आणि काका बाहेरच्या खोलीतून ओरडले, "आता कोण येतंय?"