कादंबरी सुचवताय? कुणासाठी, ते आधी सांगा

दिवाळी उरकली की ही लाट येतेच. ‘अलीकडं वाचलेल्या पाच आवडत्या कादंबऱ्या सांगा.’ मग मुखपृष्ठांचे फोटो, शेजारी चहाचा कप, खाली ‘अप्रतिम’, ‘नक्की वाचा’, ‘निःशब्द’. निःशब्द झालात तर पोस्ट कशाला टाकली, असं विचारायचं तोंडावर येतं. बायको म्हणते, भांडायला आडतीवर लोक कमी पडायलेत का तुम्हाला?

मी सेलूला आडतीवर मुनीम. सोयाबीन-कापसाचा हंगाम सोडला तर दुपारी गादीवर चार पानं होतात. पुस्तकं पुण्याहून नाहीतर संभाजीनगरहून मागवतो. पाचशेची कादंबरी म्हणजे २०२४ च्या हंगामातल्या क्विंटलला ४८९२ च्या हमीभावानं सव्वादहा किलो सोयाबीन. तो भाव किती जणांच्या हिशोबपट्टीवर चढला, ते मला विचारू नका. पट्ट्या मीच लिहिल्यात. सांगायचं एवढंच, की सव्वादहा किलो मोजायला ‘अप्रतिम’ एवढं पुरत नाही. स्थळ सुचवताना आपण नुसतं ‘पोरगी चांगली आहे’ म्हणून सुटतो का? कुणासाठी, कोणत्या घरात, सगळं बघतो. पुस्तकाचंच तेवढं कुणाच्याही गळ्यात कुणीही.

कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. २०२३ चा साहित्य अकादमी मिळाला तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले, मीही टाकला. धरणानं उठवलेल्या गावाची आणि मागं राहिलेल्या म्हशीची गोष्ट. आमच्याकडं माल घेऊन एक तात्या येतात, निम्न दुधना धरणाच्या पाण्यात त्यांचं शिवार गेलेलं. काटा व्हायला वेळ होता म्हणून सहज त्यांच्या हातात दिली. दोन महिने पत्ता नाही. मग आले, पुस्तकाला युरियाच्या गोणीतल्या प्लास्टिकचं कव्हर घातलेलं. मी विचारलं, “कशी वाटली, तात्या?” पुस्तकाबद्दल अवाक्षर नाही. “आमची एक गाय होती,” म्हणाले. “नव्या गावठाणात दावं तोडायची आन् रातीतून जुन्या गोठ्यावर जाऊन हुबी राहायची. वर पत्रं नाही, कूड नाही, नुसता खुटा. पाणी चढूस्तोवर जात होती.” मग बिडी काढली, पेटवली नाही. “मावेजा मान्साला भेटला, मुनीमजी. जनावराला कुणी इचारलं?”

भाषा पन्हाळ्याकडची, काही शब्द अडले म्हणे. अडलेले शब्द त्यांनी पेन्सिलीनं गोल करून ठेवलेत. त्यातले निम्मे मलाही सांगता आले नाहीत.

हे जमलं म्हणून मी लगेच शेफारलो. आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी आहेत, वाचणारा माणूस, म्हणून रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ नेऊन दिली. एका घराण्याचा सातशे वर्षांचा पसारा, पानं आठशेच्या घरात. मी स्वतः दोनदा सोडली आणि तिसऱ्यांदा धरली तेव्हा चार रात्री दिवा मालवला नाही. गुरुजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, हे डोक्यातच आलं नाही. आठ दिवसांनी नातवाच्या हाती परत. निरोप : “झोपून धरता येत नाही, छातीवर ठेवली तर दम लागतो.” चूक पुस्तकाचीही नाही, गुरुजींचीही नाही.

नंदा खरे यांची ‘उद्या’ पुण्यात कंपनीत असणाऱ्या भाच्याला धाडली. तिला २०२० चा अकादमी जाहीर झाला आणि लेखकानं तो नम्रपणे नाकारला, एवढ्यानंच त्याला कुतूहल वाटलं. माणसावर नजर ठेवणाऱ्या व्यवस्थेची कादंबरी. रात्री साडेअकराला फोन. “मामा, हे आत्ताचं लिहिलंय का?” म्हटलं, नाही बाळा, पुरस्काराच्याही आधीचं. मग बराच वेळ तो त्याच्या ऑफिसातल्या हजेरीच्या ॲपबद्दल बोलत राहिला.

आसाराम लोमटे आमच्याच परभणी जिल्ह्यातले. त्यांची ‘तसनस’ मी सगळ्यांना सांगत नाही. शेतकरी चळवळीत ज्यांनी तारुण्य घातलं, ज्यांच्या पेटीत अजून लाल बिल्ला आहे, त्यांनी वाचावी. बाकीचे ‘मातीतली कादंबरी’ म्हणतात आणि मोकळे होतात. या शब्दाचा मला वैताग आहे. मराठवाड्यातल्या माणसानं काही लिहिलं की लगेच माती, दुष्काळ, दाहकता. वाक्य कसं लिहिलंय, माणूस कसा उभा केलाय, याबद्दल कुणी बोलत नाही. पुण्यातल्या कादंबरीला कुणी ‘फ्लॅटमधली कादंबरी’ म्हणतं का?

आता माझी अडचण. फेब्रुवारी २०२५ मध्ये रा. रं. बोराडे सर गेले, तेव्हा घरातली त्यांची ‘पाचोळा’ पुन्हा काढली. १९७१ ची, म्हणजे अलीकडची अजिबात नाही. आईची शाळा चौथीपर्यंत, हरिपाठाच्या पुढं वाचन नाही, म्हणून लेक तिला रोज दुपारी पाच-सात पानं वाचून दाखवायची. शिंप्याच्या घरची गोष्ट, सांगणारी त्याची बायको पारबती. आई शेंगा फोडत ऐकायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “ही बाई कोणत्या गावची हाय गं? बोलती आपल्यावाणीच.” संपली त्या दिवशी शेंगांची पाटी तशीच राहिली.

तेव्हापासून रोज विचारायली, दुसरी आण म्हणून. तर मंडळी, एक नाव सांगा. सांगणारी बाई असावी, मोठ्यानं वाचायला जिभेवर बसावी, दुपारच्या पाच-सात पानांत काहीतरी घडावं. आणि आईची एक अट आहे : फास घेतलेला शेतकरी नको. “ते ऐकायला पुस्तक कशाला लागतंय?” म्हणाली.